टीएलडीची गोळी आणि सोबतची बाकी औषधं : किती तासांचं अंतर ठेवायचं?

तापीकाठ (शहादा)

राम राम मंडळी. प्रश्न औषध दुकानाच्या गल्ल्यावरचा आहे. एचआयव्हीची टीएलडी गोळी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तिन्ही औषधं एकाच गोळीत, सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रातून, फुकट मिळते. ती दुकानात कोणी मागत नाही. पण ती घेणारा माणूस पित्ताचं गुलाबी पातळ औषध, कॅल्शियम, रक्तवाढीच्या गोळ्या, गुडघेदुखीची गोळी हे सगळं दुकानातूनच नेतो. केंद्रातल्या डॉक्टरांना यातलं निम्मं कळतही नाही. म्हणून दुकानदाराला नेमकी माहिती हवी.

यातलं कोणतं औषध टीएलडीला आडवं येतं आणि किती तासांचं अंतर ठेवलं की चालतं? पँटोप्राझोल आणि जेलुसिल यांत फरक करायचा का? गोळी चुकली किंवा उलटी झाली तर काय सांगायचं? आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात भट्टी असते, तिथे बाटली कुठे ठेवायची? आणि दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणारी माणसं होळीच्या तोंडावर भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारालाच परततात, मधल्या चार-पाच महिन्यांच्या गोळ्यांचं काय?

"डॉक्टरांना विचारा" एवढंच उत्तर नको. ते सांगतोच. पण समोरचा माणूस धडगावच्या डोंगरातून एसटीने आलेला असतो, आणि औषध त्याला आत्ता हवं असतं.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात आणि त्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

टीएलडीच्या एका गोळीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम असतं. पहिली दोन औषधं विषाणूला स्वतःची नक्कल काढू देत नाहीत. तिसरं त्याला आपल्या पेशीच्या गुणसूत्रात शिरू देत नाही. हे शिरकावाचं काम विषाणू ज्या विकराकडून (एन्झाइमकडून) करून घेतो, त्याच्या गाभ्यात मॅग्नेशियमचे दोन अणू असतात. डोल्युटेग्रॅव्हिर नेमकं त्या मॅग्नेशियमला चिकटून विकराला जखडतं. म्हणजे धातूला चिकटणं हाच त्याचा गुण. आता पोटात आधीच मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह किंवा जस्त पडलेलं असेल, तर ते तिथेच चिकटून बसतं आणि रक्तात न जाता शौचावाटे निघून जातं. गोळी वेळेवर घेतली, बाटलीतला हिशोबही बरोबर आला, तरी औषध अंगी लागलंच नाही असं होतं.

किती फरक पडतो तेही पाहा. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं पित्तशामक आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकाच वेळी घेतलं तर रक्तातलं औषध सुमारे तीन-चतुर्थांशाने घटतं. रिकाम्या पोटी लोहाची गोळी सोबत घेतली तर निम्म्याहून थोडं अधिक जातं, कॅल्शियमने जवळपास ४० टक्के. मात्र लोह किंवा कॅल्शियम आणि टीएलडी दोन्ही पोटभर जेवणासोबत घेतलं तर घट जवळजवळ होत नाही. पित्तशामकाला ही सवलत नाही.

म्हणून नियम दोन.

पित्ताचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी, म्हणजे डायजीन, जेलुसिल, म्यूकेन आणि त्यांच्या जातकुळीतलं सगळं : टीएलडी त्याच्या २ तास आधी घ्यायची, नाहीतर त्यानंतर ६ तासांनी. जेवणासोबत घेतलं तरी अंतर हवंच. सुक्राल्फेट या अल्सरवरच्या औषधालाही हाच नियम. पोट साफ होण्यासाठी मिल्क ऑफ मॅग्नेशियाचं पांढरं औषध लोक नेतात, उदाहरणार्थ क्रिमाफिन, तेही यातच धरा. पित्ताच्या यादीत ते येत नाही म्हणून हमखास सुटतं.

कॅल्शियम, लोह, जस्त किंवा हे घातलेली जीवनसत्त्वाची गोळी : एक तर टीएलडीसोबत भरल्या ताटावर, नाहीतर तेच २ तास आधी किंवा ६ तास नंतरचं अंतर. चहा-बिस्किटाला ताट धरू नका. साधं बी-कॉम्प्लेक्स चालतं, पण नावापुढे झेड किंवा झिंक लागलं की त्यात जस्त आहे. जुलाबावर ओआरएससोबत जस्ताच्या गोळ्या देतो, त्याही यात आल्या. ओआरएसचं पाणी मात्र कितीही पिऊ द्या, त्यात अडचण करणारं काही नाही.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅनिटिडिन, फॅमोटिडिन टीएलडीसोबत बिनधास्त चालतात. ही औषधं आम्ल तयार होणं कमी करतात, धातू पोटात टाकत नाहीत. तेव्हा गल्ल्यावर सोपा मार्ग हा की टीएलडीवाल्या माणसाला रोजच पित्ताचा त्रास असेल तर पातळ औषधाची बाटली देत राहण्यापेक्षा त्याला पँटोप्राझोलबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगा. तासांचं गणित त्याच्या डोक्यावरून उतरेल. पण हे टीएलडीपुरतंच. दुसऱ्या फळीच्या, म्हणजे पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावर देतात त्या गोळ्यांना हे लागू नाही, त्याचं खाली कोणीतरी लिहीलच.

अजून एक, आणि याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. आपल्याकडे अशक्तपणावर भस्मं घेण्याची सवय आहे. लोहभस्म आणि मंडूरभस्म म्हणजे लोह. शंखभस्म, प्रवाळपिष्टी, मोतीपिष्टी म्हणजे कॅल्शियम. आयुर्वेदिक आहे म्हणून गोळीला लागत नाही असं समजू नका. धातूचे नियम त्यांनाही तेच. बाजारात बसणारा जडीबुटीवाला पुडीत काय देतो ते कळायला मार्ग नसेल तर ती पुडी बंदच ठेवायला सांगा.

दूध, ताक, दही याबद्दलही विचारतात. जेवणात आलेलं दूधदुभतं चालतं. केळीचा तर प्रश्नच नाही.

केळीचं पान (जळगाव)

वरचं सगळं बरोबर. मी रोजच्या घेण्याबद्दल, चुकण्याबद्दल आणि गावाबाहेर जाण्याबद्दल लिहिते. समुपदेशनाचं काम हेच आहे.

दिवसातून एकच गोळी, रोज साधारण त्याच वेळी. जेवणाआधी, जेवणानंतर, उपाशीपोटी, कशीही चालते. जुनी टीएलई गोळी घेतलेल्यांच्या डोक्यात अजून बसलं आहे की रात्री झोपतानाच, आणि तेलकट जेवणावर नको. ते त्यातल्या इफाव्हिरेन्झमुळे होतं. त्याने चक्कर यायची, भलतीसलती स्वप्नं पडायची, आणि तेलकट जेवणाने त्याचं रक्तातलं प्रमाण वाढायचं. २०२०-२१ पासून सरकारी कार्यक्रमात टीएलडी आली आणि ती अट गेली. आता शेवभाजी खाऊन गोळी घेतली तरी चालते. फक्त डोल्युटेग्रॅव्हिरने काहींची झोप उडते. पहिल्या काही आठवड्यांत डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं अशी तक्रार आली तर गोळी सकाळवर आणायची. बहुतेकांचं तेवढ्यानेच भागतं. गोळी बंद करायची नाही.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा रोज घडणारी गोष्ट धरावी. बाईमाणसाला "सकाळी सात वाजता" सांगून उपयोग होत नाही, "चूल पेटवली की" हे चालतं. शेतात जाणाऱ्याला डबा भरताना. कापूस वेचणीच्या दिवसांत दिनक्रम बदलतो, तेव्हा आधीच विचारून घ्यावं की आता गोळी कशाला बांधायची. नवरात्राचा किंवा कानबाईच्या वेळचा उपास असेल तरी गोळी नुसत्या पाण्यासोबत चालते. रोजा धरणाऱ्यांना इफ्तारला किंवा सहरीला, दोन्हीपैकी एक वेळ पक्की करून. औषधासाठी उपास मोडावा लागत नाही हे सांगितलं की माणूस मोकळा होतो, नाहीतर तो उपास धरतो आणि गोळी सोडतो.

गोळी चुकली तर : आठवण आल्याबरोबर घ्यायची. पुढच्या गोळीला ४ तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर चुकलेली सोडून द्यायची. उदाहरण देते. रोजची वेळ रात्री नऊची. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आठवलं, लगेच घ्या, आणि रात्री नऊची नेहमीसारखी घ्या. संध्याकाळी सहाला आठवलं, तर आता थांबा, नऊलाच एक घ्या. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम कधीच नाही. तास-दोन तास मागेपुढे झालं तर घाबरायचं कारण नाही. डोल्युटेग्रॅव्हिर रक्तात निम्मं व्हायला साधारण १४ तास लागतात, म्हणून थोडी ढील या गोळीत आहे. पण ती ढील म्हणजे सुट्टी नव्हे.

उलटी : गोळी घेतल्यापासून एका तासाच्या आत झाली तर दुसरी गोळी घ्या. तास उलटून गेला असेल तर पुन्हा घेऊ नका. अशी वापरलेली जादा गोळी केंद्रात सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी हिशोब जुळतो.

हिशोबावरून आठवलं. बाटलीत गोळ्या ३० असतात आणि वर्षातल्या सात महिन्यांना दिवस ३१. दर महिन्याच्या पाच तारखेला येतो असं ज्याने ठरवलं, त्याची त्या महिन्यांत एक-एक गोळी कमी पडते, वर्षाला एकूण पाच. चूक त्याची नसते, कॅलेंडरची असते. म्हणून तारीख ३० दिवस मोजून घ्यावी आणि पाच गोळ्या उरलेल्या असतानाच केंद्रात यावं. "कितल्या गोया राह्यन्यात?" हा प्रश्न दर भेटीला विचारला जातो तो संशयाने नाही. महिन्याला ३० पैकी २९ गोळ्या पोटात गेल्या तर घेतलेल्या गोळ्यांचं प्रमाण अपेक्षित ९५ टक्क्यांच्या वर राहतं. दोन चुकल्या की खाली.

गुजरातेत जाणाऱ्यांबद्दल. निघण्याआधी केंद्रात सांगितलं तर वाट निघते, न सांगता गेलं तर अडतं. प्रकृती स्थिर असेल आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबलेला असेल तर तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम देता येतात. त्यापुढे सुरत किंवा जिथे पडाव असेल त्या भागातल्या एआरटी केंद्रात प्रवासातला रुग्ण म्हणून गोळ्या मिळतात, नाव कायमचं हलवावं लागत नाही. त्यासाठी केंद्राने दिलेलं हिरवं पुस्तक सोबत हवं. ते ओलं होतं, मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये हरवतं. पहिल्या पानाचा आणि नोंदणी क्रमांकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा. मुक्काम कायमचाच बदलणार असेल तर मात्र रीतसर बदली करून घ्यावी. कुठल्या गावाजवळ कोणतं केंद्र आहे ते १०९७ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर विचारता येतं.

गोळ्या संपल्या आणि आठ-पंधरा दिवस खंड पडला, तर लाजून तोंड लपवणारी माणसं खूप. त्यांना एकच सांगा : हातात गोळी आली की लगेच सुरू कर आणि केंद्रात खरं काय ते सांग. कित्येक महिन्यांचा खंड असेल तर मात्र आधी केंद्रात तपासणी. तोवर प्रतिकारशक्ती खाली गेलेली असू शकते आणि अंगात क्षय दबून बसलेला असू शकतो.

नवऱ्याची गोळी संपली म्हणून बायकोच्या बाटलीतून काढायची, हेही घडतं. दोघांच्या गोळ्या एकच असल्या तरी असं केलं की महिनाअखेर दोघांच्याही कमी पडतात.

बाटली. साधारणपणे ३० अंशांखाली ठेवा असं तिच्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे मेमध्ये घरातच तेवढं राहत नाही, पण घरातल्या घरातही जागेजागेत फरक असतो. पत्र्याखालची फळी, खिडकी, चुलीमागचा कोनाडा, मोटारसायकलची डिकी या चार जागा बाद. जमिनीलगत, भिंतीतल्या आतल्या फडताळात, धान्याच्या कोठीमागे सावलीला. माठाजवळ गार असतं म्हणून ठेवतात, पण दमट जागी झाकण उघडं राहिलं तर गोळी ओल धरते. फ्रिजची गरज नाही, बाटली आतबाहेर केली की आत दव धरतं. बाटलीत जी छोटी पुडी किंवा नळकांडी असते ती ओल शोषायला, ती फेकायची नाही आणि खायची तर नाहीच. सगळ्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ओतून घेऊ नये. लोकांनी नाव वाचू नये म्हणून काहीजण तसं करतात. त्यापेक्षा लेबलावर कागद चिकटवा, किंवा आठवड्यापुरत्या सात गोळ्या झाकणाच्या डबीत काढा आणि बाकीच्या मूळ बाटलीत राहू द्या. चैत्रात पायी सप्तशृंगी गडावर जाणाऱ्यांनी तर लागतील तेवढ्याच गोळ्या, दोन जादा धरून, कपड्यांच्या मधल्या घडीत ठेवाव्यात.

गिरणामाय (चाळीसगाव)

दोघांनीही छान लिहिलं आहे. डॉक्टरी बाजूच्या चार गोष्टी राहिल्यात, त्या जोडते. तापीकाठ, यातल्या दोन तर तुमच्या दुकानातच घडतात.

मधुमेहाचं मेटफॉर्मिन. डोल्युटेग्रॅव्हिर मूत्रपिंडातून मेटफॉर्मिन बाहेर पडण्याची वाट अडवतं, त्यामुळे रक्तात ते जवळपास पावणेदोन पटीने वाढतं. म्हणून टीएलडीसोबत मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. बऱ्याच जणांची चिठ्ठी ५०० तीन वेळा किंवा १००० दोन वेळा अशी असते, आणि लिहिणाऱ्या खासगी डॉक्टरला टीएलडीची कल्पनाच नसते. अशी चिठ्ठी दिसली तर परस्पर गोळ्या कमी करू नका, साखर चढेल. त्याच डॉक्टरला फोन लावा. मेटफॉर्मिन दुसऱ्या औषधाशी जोडलेल्या गोळ्यांत किती आहे तेही मोजा.

अंगदुखीच्या गोळ्या. टेनोफोव्हिर मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि काहींच्या मूत्रपिंडाला ते सोसत नाही. त्यावर डायक्लोफिनॅकसारखी औषधं आठ-आठ दिवस, वरून मेचं ऊन आणि शेतात दिवसभर पाणी कमी, हे तिन्ही एकत्र आलं की मूत्रपिंड अचानक बसतं. ठणक्यासाठी पॅरासिटामॉल द्या. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन एखाद-दुसरी गोळी म्हणून ठीक, पट्टीच्या पट्ट्या नकोत. दुखण्याचं इंजेक्शन घेऊन रोज कामाला जाणारे मजूर असतात, त्यांना हे समजावून सांगा. पाय सुजणं, लघवी कमी होणं, हाडं दुखणं, रक्तातली साखर ठीक असताना लघवीत साखर येणं, अशा खुणा दिसल्या तर मूत्रपिंडाची क्रिएटिनिन ही रक्ततपासणी करायला पाठवा. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, मिनिटाला ५० मिलिलिटरच्या खाली गेला असेल तर टेनोफोव्हिरची ही गोळी देत नाहीत, केंद्रात औषध बदलून देतात.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. डोल्युटेग्रॅव्हिर सुरू झाल्यावर पहिल्या महिन्याभरात क्रिएटिनिनचा आकडा थोडा चढतो, साधारण ०.१ ते ०.१५ ने, आणि तिथेच थांबतो. मूत्रपिंड बिघडलेलं नसतं, क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट औषधाने अडवलेली असते. तेवढ्यावरून घाबरून गोळी बंद केली असं होऊ नये. आकडा चढतच राहिला तर गोष्ट वेगळी.

क्षय. क्षयाच्या नेहमीच्या उपचारात रिफाम्पिसिन असतं, लघवी नारंगी करणारं. ते यकृताला डोल्युटेग्रॅव्हिर भराभर मोडायला लावतं. म्हणून सकाळी टीएलडी घेतली तर १२ तासांनी डोल्युटेग्रॅव्हिर ५० ची सुटी गोळी घ्यावी लागते, आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही आणखी २ आठवडे. ही दुसरी गोळी केंद्रातूनच मिळते. क्षयाची गोळी एका ठिकाणाहून आणि एआरटी दुसरीकडून घेणारा माणूस दोन्हीकडे सांगत नाही, तिथे ती राहून जाते. तुमच्याकडे कोणी दोन्ही बाटल्या घेऊन आला तर एवढंच विचारा : "रात्रीची वेगळी एक गोळी दिली आहे का?" क्षय होऊ नये म्हणून दिली जाणारी आयसोनियाझिड ३०० आणि सोबतची बी-६ ही जोडी मात्र टीएलडीला आडवी येत नाही. त्या काळात दारू आणि यकृताचं नुकसान यांची सांगड पक्की, ते बजावून सांगा.

फिटची औषधं हा चौथा आणि सगळ्यात धोक्याचा गट. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही तिन्ही रिफाम्पिसिनसारखंच करतात. एप्टोइन किंवा गार्डिनल वर्षानुवर्षं त्याच जुन्या चिठ्ठीवर नेणारे आपल्याकडे खूप आहेत. ती बंदही करता येत नाहीत, फिट येईल. लेव्हेटिरासिटॅम किंवा व्हॅल्प्रोएटवर नेणं, नाहीतर डोल्युटेग्रॅव्हिरची मात्रा वाढवणं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण आधी त्यांना कळलं पाहिजे, आणि कळवणारे तुम्ही असू शकता.

ब गटाची कावीळ असलेल्यांनी तर गोळी मध्येच सोडायचीच नाही. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. अचानक थांबलं की तो उसळतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. याच कारणाने औषध बदलतानाही टेनोफोव्हिर काढण्याआधी कावीळ ब ची तपासणी पाहतात.

बाकी व्हायरल लोड सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा. १००० च्या वर आला तर गोळी निकामी झाली असं लगेच धरत नाहीत. तीन महिने नीट घ्यायला लावून पुन्हा मोजतात, आणि त्या तीन महिन्यांत पित्ताच्या बाटलीपासून भस्मापर्यंत सगळं विचारून घ्यायला हवं. कित्येकदा कारण तिथेच सापडतं.

तापीकाठ (शहादा)

मंडळी, मनापासून आभार. गल्ल्यामागे लावायला हे सगळं एका कागदावर उतरवतो. दोन शंका उरल्या. गरोदर बाईला आरोग्य केंद्रातून लोहाची एक आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोजच्या मिळतात, लोह आणि कॅल्शियमही एकत्र घ्यायचं नसतं, त्यात टीएलडी आणि वरून जळजळ. तिचा दिवस कसा बसवायचा? आणि पांझराकाठ यांनी दुसऱ्या फळीच्या गोळ्यांचं अर्धवट सोडलं, तेही सांगा. तिसरं विचारायचं नव्हतं पण विचारतो : दुकानात चार माणसं उभी असताना हे सगळं बोलायचं कसं?

गिरणामाय (चाळीसगाव)

गरोदरपणात टीएलडी चालते, थांबवायची नाही. सुरुवातीला २०१८ साली बाळाच्या मणक्याबद्दल शंका आली होती, पुढच्या मोठ्या नोंदींमध्ये ती टिकली नाही.

तिचा दिवस असा : सकाळी आठला न्याहारीवर कॅल्शियम. दुपारी एकच्या सुमारास लोह. रात्री आठला पूर्ण जेवणासोबत दुसरं कॅल्शियम आणि टीएलडी, दोन्ही त्याच ताटावर. लोहापासून टीएलडीपर्यंत सात तास झाले, लोह-कॅल्शियमही लांब राहिलं. जळजळीचं पातळ औषध लागलंच तर दुपारी दोनच्या आधी किंवा रात्री दहानंतर. रात्री जेवण जात नसेल, नुसती पेज घेतली असेल, तर त्या दिवशी टीएलडी एकटी आठला आणि कॅल्शियम दहानंतर. पहिल्या तीन महिन्यांत सकाळी उलट्या होतात, म्हणूनही रात्रीची वेळ बरी.

पांझराकाठ (धुळे)

दुसऱ्या फळीत बहुधा ॲटाझानाव्हिर-रिटोनाव्हिर किंवा डारुनाव्हिर-रिटोनाव्हिर दिसेल. बाटलीवर रिटोनाव्हिर हा शब्द वाचला की नियम वेगळे धरा. या गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या. ॲटाझानाव्हिरला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून पँटोप्राझोल-ओमेप्राझोल स्वतःहून देऊ नका. या गोळीने डोळे पिवळसर दिसतात. ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, पण कावीळ नाही ना ते केंद्रात तपासून घ्यावं.

रिटोनाव्हिर यकृताचं काम मंद करतं आणि दुसरी औषधं अंगात साठतात. अर्धशिशीवरचं अर्गोटामिन अजिबात नाही, बोटांचा रक्तपुरवठा बंद पडतो. सिम्व्हास्टॅटिन नाही. दम्याच्या पंपातलं ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन, आणि गुडघ्यात देतात ते ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन, यांनी तोंड सुजतं, साखर चढते. सिल्डेनाफिल मागायला आला तर नेहमीची मात्रा देऊ नका, डॉक्टरांशिवाय देऊच नका. टीएलडीवाल्यांना यातली एकही अडचण नाही, म्हणून आधी बाटली पाहणं महत्त्वाचं.

केळीचं पान (जळगाव)

गल्ल्यावर काय बोलायचं ते. रोगाचं नाव घ्यायची गरजच पडत नाही. लोह, कॅल्शियम, पातळ पित्तशामक किंवा फिटची गोळी मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला, ओळखीचा असो की नसो, एकच वाक्य : "दादा, रोजची दुसरी कोणती गोळी चालू आहे का? हिच्यात आणि तिच्यात तासांचं अंतर लागू शकतं." थायरॉइडच्या गोळीलाही लोह-कॅल्शियम आडवं येतंच, त्यामुळे प्रश्न सगळ्यांसाठी खराच आहे आणि कोणी एकटा पडत नाही. ज्याला सांगायचं तो बाटली पुढे करेल, किंवा गर्दी ओसरल्यावर परत येईल. परत आला की आतल्या बाजूला बोला, आणि तासांचे आकडे पाकिटावर पेनने लिहून द्या, औषधाचं नाव न लिहिता : "रात्री ८ च्या गोळीआधी ६ तास नाही, नंतर २ तास नाही."

विश्वासाने कळलेली कुणाची एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगणं २०१७ च्या कायद्याने बंद आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. दुकानातल्या पोऱ्यालाही हे सांगून ठेवा, नातेवाईक विचारायला पहिल्यांदा त्याच्याकडेच येतात.

तापीकाठ (शहादा)

पाकिटावर आकडे लिहायची गोष्ट उद्यापासूनच. अक्षर न वाचता येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढून देतो, खाली तेवढ्या रेघा. धडगावकडच्या दोघी-तिघींचं लोह आणि गोळी एकाच वेळी चाललंय असं आत्ता लक्षात येतंय. मंगळवारच्या बाजाराला आल्या की त्यांचं अंतर आधी लावून देतो.